चालू इंजिनवर ओढलेली वायर

विमल साळवे. आईवडिलांनंतर मी कुणाचा ऋणी असेन तर या बाईंचा. भिंगारच्या साळवे मॅडम गेल्या त्याला आता महिना उलटून गेला. बातमी मला पुण्याला, कंपनीच्या प्रयोगशाळेत फोनवर कळली. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ होता. "ताई गेली रे सकाळी..." एवढंच तो बोलू शकला. माझ्यासमोर टेबलावर ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डचा एक डिस्प्ले तपासणीला लावलेला होता, काचेमागचे हिरवे एलईडी जळत होते. फोन ठेवला आणि सगळ्यांत आधी मी त्या डिस्प्लेचा सप्लाय बंद केला. लक्ष दुसरीकडे गेलं की आधी सप्लाय बंद, ही मॅडमची शिकवण. मग खुर्चीत बसलो.

त्यांच्या मूत्रपिंडांनी बऱ्याच दिवसांपासून साथ सोडली होती, त्यामुळे बातमी अगदीच अनपेक्षित नव्हती. अनपेक्षित होतं ते नंतरचं. नगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या छोट्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, तिथे शोकसभा झाली. मी गेलो होतो. फोटोला हार, उदबत्ती, मान खाली घालून बसलेले कामगार... आणि कारखान्याचे साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "साळवे मॅडमच्या मनात कधी कुणाबद्दल कटुता नव्हती. त्या आमच्या घरच्याच होत्या." मग त्यांनी जाहीर केलं, की दर वर्षी उत्तम कामगाराला विमल साळवे स्मृती ढाल देण्यात येईल आणि ढालीवर मॅडमचा फोटो असेल. लोकांनी माना डोलावल्या.

हा लेख मी त्या एका वाक्यासाठी लिहितो आहे. मॅडमच्या मनात कटुता होती. भरपूर होती. त्यांनी ती जपली, तिला कामाला लावलं, आणि माझं जे काही बरं झालं ते तिच्यामुळेच झालं. बाई गेल्यावर त्यांना क्षमाशील ठरवून ती त्यांच्याकडून काढून घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्या साहेबांना तर मुळीच नाही.

मी नेवासा तालुक्यातला. वडिलांचं रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर आणि टेम्पोच्या वायरिंगचं दुकान, शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. इंजिनिअरिंग चांगल्या मार्कांनी पास झालो खरा, पण मुलाखतीत कुणी इंग्रजीत काही विचारलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. बऱ्याच ठिकाणांहून तसाच परत आलो होतो. नव्वदनंतरची ती सुरुवातीची वर्षं. साळवे मॅडम तेव्हा त्या कारखान्यात टेस्टिंगच्या प्रमुख होत्या. तिथे ट्रॅक्टर आणि जीपसाठी डॅशबोर्डचे छोटे डिस्प्ले बनत. इंजिन किती तास चाललं, बॅटरी किती व्होल्टवर आहे, वेळ काय झाली, हे सांगणारे काळे आकडे आणि त्यांच्या मागून एलईडीचा हिरवा उजेड. आत दोन सर्किटं. एक बॅटरीच्या चढउतारातून आकड्यांना लागणारी स्थिर वीज काढून देणारं, दुसरं मागचा उजेड एकसारखा ठेवणारं. ही दोन्ही खऱ्या गाडीत टिकतील की नाही, हे ठरवणं मॅडमचं काम.

मुलाखतीत याच साहेबांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि मी गप्प झालो. साहेब पुढचा अर्ज उचलायला लागले. तेवढ्यात मॅडमनी टेबलावरचा एक जळालेला डिस्प्ले माझ्याकडे सरकवला.

"मराठीत सांग. हा ट्रॅक्टरवर होता. इथल्या सगळ्या टेस्ट पास झाला आणि शेतात जाऊन मेला. का?"

"बॅटरी काढली आसंल, मॅडम."

"बॅटरी काढली तर बंद पडेल. मरेल कशाला?"

"इंजन चालू आसताना काढली आसंल. आमच्याकडं काढत्यात."

साहेब हसले. मॅडम हसल्या नाहीत. "का काढतात?" त्यांनी विचारलं, आणि माझी जीभ सुटली. ऊसतोडणीच्या दिवसांत आमच्याकडे भावाभावांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिळून धड बॅटरी एकच असते. तिच्यावर एक ट्रॅक्टर सुरू करायचा, इंजिन फिरत असतानाच तिच्या वायरी सोडायच्या, बॅटरी खांद्यावर टाकायची आणि पुढच्या ट्रॅक्टरला लावायची. डिझेल इंजिन एकदा फिरायला लागलं की त्याला बॅटरीची पर्वा नसते. पण गाडीची वीज बनवणारा अल्टरनेटर त्या वेळी बॅटरीत वीज भरत असतो. बॅटरी अचानक नाहीशी झाली की त्या विजेला जायला जागा उरत नाही, आणि बारा व्होल्टच्या जागी क्षणभर कितीतरी पट व्होल्ट डॅशबोर्डवर येऊन आदळतात. हे शास्त्र मी कॉलेजात शिकलो होतो, आणि जळालेली मीटरं वडिलांच्या दुकानात लहानपणापासून बघत होतो. दोन्ही एकच गोष्ट आहे, हे मात्र त्या खुर्चीत बसून बोलता बोलता माझं मलाच उमगलं. मॅडम साहेबांकडे वळल्या. म्हणाल्या, "हा मला पाहिजे." माझी नोकरी ती एवढीच.

मॅडमचं टेस्टिंग म्हणजे सूड होता. दुसरा शब्द मला सापडत नाही. नवा नग टेबलावर आला की त्या पदर खोचायच्या आणि म्हणायच्या, "ह्याला वाटतंय आपन लई शहाने. बघू." गाडीला सेल मारताना बॅटरीचे व्होल्ट निम्म्यावर येतात, म्हणून त्या वीज तशी खाली पाडायच्या, परत चढवायच्या, परत पाडायच्या, इंजिनाचे तास पुसले जातात का ते बघायच्या. उन्हात तापलेला डॅशबोर्ड कसा असतो ते नगाला कळावं म्हणून त्याला भट्टीत ठेवायच्या. उजेड एकसारखा पडतो का, हे बघायला त्यांनी एक लोखंडी कपाट रिकामं करून घेतलं होतं. भर दुपारी त्या कपाटात स्टूल टाकून बसायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि आईच्या गुडघ्याच्या एक्स-रे फिल्मच्या काळ्या भागातून डिस्प्लेकडे बघायच्या. झगमगाट फिल्म खाऊन टाकायची आणि कुठला कोपरा मंद आहे ते उघडं पडायचं. आतून आवाज यायचा, "उजवीकडचा कामचोर हाय!" मी बाहेर उभा राहून लिहून घ्यायचो. एखादा नग सगळं सोसून टिकला तर मात्र त्या त्याला पदराने पुसायच्या. "जा बाबा, तू जिंकलास."

ही वृत्ती त्यांच्यात मुळापासूनच होती. त्यांचे वडील भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन मेकॅनिक. मॅडम शाळेत असताना बाजारातल्या एका मिठाईवाल्याने वडिलांना सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "पोरीला एवढं शिकवून काय कलेक्टर करायचंय का?" तेव्हापासून प्रत्येक निकालाचे पेढे मॅडम त्याच दुकानातून घेत. दहावीचे, बारावीचे, बीएस्सीचे. पेढे घेऊन लगेच निघायचं नाही. दुकानात गर्दी असेपर्यंत उभं राहायचं आणि कितवा वर्ग मिळाला ते सांगायचं. नोकरी लागली तेव्हा तो म्हातारा म्हणे त्यांना बघूनच हात जोडून म्हणाला, "बाई, आता बास की!" तर या म्हणाल्या, "बास कसं? अजून बढती व्हायचीय."

आमच्या साहेबांना मॅडमनी आमच्यापुरतं नाव ठेवलं होतं, झगमग. डिस्प्ले गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरला पाहिजे, एवढीच त्यांची टेस्ट. एलईडीला झेपेल त्यापेक्षा जास्त वीज ते सोडायला लावत. दिवा पहिल्या दिवशी लखलखायचा आणि उन्हाळ्यात मलूल व्हायचा. मी लागल्यावर मॅडमनी भिंगारच्या भंगारवाल्याकडून एक जुना अल्टरनेटर आणला, तो मोटरवर फिरवला, बॅटरी जोडली, डिस्प्ले जोडला आणि मला म्हणाल्या, "ओढ वायर. तुझी टेस्ट आहे." मी ओढली. डिस्प्ले एकदा उजळला आणि मेला. दुसरा लावला, तोही. उपाय माहीत होता. वीज आत येते तिथेच असा झटका गिळणारा एक भाग बसवायचा आणि एलईडीची वीज आवरायची. साहेबांनी दोन्हीला नकार दिला.

"पुस्तकात कुठे आहे ही टेस्ट?" त्यांनी विचारलं. "नाव काय हिचं?"

"नाव नाही," मॅडम म्हणाल्या. "शेतात करतात."

"नाव नाही, तर टेस्ट नाही. माल पाठवा."

माल गेला. ऊस हंगाम लागला आणि डिस्प्ले खोकी भरभरून परत यायला लागले. सगळे एकाच तऱ्हेने मेलेले. ट्रॅक्टर कंपनीची माणसं जाब विचारायला आली. आम्ही सगळे टेस्टिंगच्या खोलीत उभे. साहेब शांतपणे म्हणाले, "आमच्या टेस्टिंगवाल्या बाईंनी पास केलेला माल आहे. त्या इंजिनिअर नाहीत, साध्या बीएस्सी आहेत. भरवसा टाकला, ही आमची चूक." मी मॅडमकडे बघितलं. त्या साहेबांच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "खोटं बोलताय तुम्ही." आवाज जरासुद्धा चढला नव्हता. पाहुण्यांनी नजर फिरवली. पुढच्या आठवड्यात मॅडमचं टेबल जिन्याखाली, पॅकिंगमध्ये गेलं. काम काय, तर खोक्यांवर लेबलं चिकटवायची.

मला वाटलं, त्या राजीनामा देतील. डबा खाताना मी तसं म्हटलंही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच पॅकिंगमध्ये बसलोय.

"मी गेले की ह्याला झोप लागंल. मला ह्याच्या डोळ्यात खुपायचंय, रोज. तू मात्र जा."

"कुठं जाऊ?"

"त्याच ट्रॅक्टर कंपनीत. टेस्टिंगला माणसं घ्यायलेत. तिकडं बस आणि ती वायर ओढ."

मग त्या जिन्याखाली, लेबलं चिकटवता चिकटवता माझी इंग्रजीची शिकवणी सुरू झाली. मी जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या आड उभा राहायचो आणि मॅडम साहेबांचा आवाज काढून मला प्रश्न विचारायच्या. अडखळलो की ओला डिंकाचा ब्रश माझ्या मनगटावर मारायच्या. "जीभ काय पॅक करून ठेवलीस काय?" पॅकिंगच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मुलाखतीला निघालो त्या दिवशी मात्र त्या गंभीर होत्या. म्हणाल्या, "एक ध्यानात ठेव, दिगंबर. चांगला नग आला तर पास करायचा. खोट्या टेस्टनं घेतलेला सूड मला नको. तसं तर त्यानंही केलंय... मला खरा पाहिजे."

मला नोकरी लागली. घरी आई रडली, वडिलांनी दुकानासमोर फटाक्यांची माळ लावली. मी आधी भिंगारला गेलो. मॅडमनी मला बाजारात नेलं आणि पेढे घ्यायला लावले. दुकान कुठलं ते सांगायला नकोच. गल्ल्यावर आता त्या म्हाताऱ्याचा मुलगा होता. मॅडम त्याला म्हणाल्या, "तुझ्या बापाला सांग, आता मी दुसऱ्यांची पोरंबी शिकवायलेय."

पुण्याला गेल्यावर मी पहिलं काम केलं ते वरिष्ठांना हंगामात आमच्या गावाकडे आणायचं. खांद्यावरून एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्यावर जाणारी बॅटरी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. नंतर ती टेस्ट आमच्या कंपनीच्या नियमपुस्तकात गेली. तिच्यातून पास झाल्याशिवाय कुणाचाही डिस्प्ले घ्यायचा नाही असं ठरलं. आणि एके दिवशी साहेब स्वतः नवे डिस्प्ले घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. तिथे काय झालं ते मी त्याच संध्याकाळी मॅडमना पत्राने कळवलं.

त्या पत्रानंतरची गोष्ट पॅकिंगच्या बायांकडून ऐकलेली. आमच्या कंपनीने साहेबांना अट घातली, की ही टेस्ट जाणणारं माणूस तुमच्या कारखान्यात टेस्टिंगला असेल तरच पुढचा विचार करू. तसं माणूस तिथे एकच होतं. साहेब जिन्याखाली आले आणि हळू आवाजात काहीतरी पुटपुटले. मॅडम लेबल चिकटवत राहिल्या. म्हणाल्या, "मोठ्यानं बोला साहेब, मशीनचा आवाज हाय." मशीन बंद होतं. साहेबांना सगळ्यांसमोर, टेस्टचं नाव घेऊन, परत विचारावं लागलं. मॅडमनी हातातलं खोकं पूर्ण केलं, हात धुतले आणि जिन्याखालून बाहेर आल्या. त्यानंतर तब्येतीने साथ दिली तोवर त्या त्यांच्या टेबलावर होत्या. साहेब पाहुण्यांना घेऊन उजेड दाखवायला आले की मॅडम म्हणे त्यांच्या हातात एक्स-रे फिल्म द्यायच्या आणि कपाटाचं दार उघडून धरायच्या. "आत बसून बघा, साहेब. बाहेरनं सगळंच झगमगतं." अशा बाईंच्या मनात कटुता नव्हती म्हणे.

गेल्या रविवारी मी भिंगारला त्यांच्या घरी गेलो. मॅडमच्या आई, त्यांना सगळे आक्का म्हणतात, दाराशीच बसल्या होत्या. कारखान्यातून ढालीसाठी फोटो मागायला माणूस येऊन गेला होता.

"म्या न्हाई म्हनलं," आक्का म्हणाल्या. "फोटू मिळायचा न्हाई. ढालच द्यायची आसंल तर त्यो डबा लावा म्हनलं ढालीवर. त्याच्यावर तुमच्याच कारखान्याचं नाव हाय."

तो डबा म्हणजे मी पत्राबरोबर पाठवलेला मेलेला डिस्प्ले. तो भिंतीवर, बुद्धांच्या तसबिरीच्या खाली खिळ्याला टांगलेला आहे. काच एका कोपऱ्यात काळवंडलेली. आक्का हसल्या. "वर भगवान म्हनत्यात क्षमा कर, आन् खाली हिचं हे. म्या कितींदा म्हनलं, काढ गं. तर म्हनायची, दोघंबी राहू दे." मग त्यांनी त्या डिस्प्लेच्या मागे खोचलेलं पत्र काढून माझ्या हातात दिलं. "विमल वाचून दाखवायची, पन निम्मं वाचायची आन् हसत बसायची. शेवट काय हाय त्यो मला कधी नीट कळलाच न्हाई. तू वाच."

मी वाचलं. तेच इथे देतो.

आदरणीय साळवे मॅडम,

जयभीम. आज साहेब आले होते. सोबत नवे तीन डिस्प्ले. उजेड असा, की आमचे शिपाईसुद्धा बघायला आले.

तुम्ही सांगितलं तसं मी सगळं खरं केलं. सेल मारायच्या टेस्टला तिन्ही नग चांगले टिकले, आणि मी तसं लिहिलं. भट्टीत ठेवल्यावर मात्र डावीकडचे एलईडी मलूल झाले. साहेब म्हणाले, एवढ्या उन्हात ट्रॅक्टर कोण चालवतो? आमचे वरिष्ठ आता आमच्या गावाला जाऊन आलेले आहेत. ते फक्त हसले.

मग अल्टरनेटर सुरू केला. वायर मी ओढली नाही, मॅडम. मी ती साहेबांच्या हातात दिली. म्हटलं, तुम्हीच ओढा साहेब, म्हणजे उद्या टेस्टिंगवाल्यांवर यायला नको. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोवर त्यांनी मला ओळखलं नव्हतं. त्यांनी ओढली. डिस्प्ले एकदा लख्ख उजळला, त्यांना आवडतो तसा, आणि गेला. तिन्ही तसेच गेले. त्यातला एक सोबत पाठवतो आहे.

ते म्हणाले, ही टेस्ट पुस्तकात कुठे आहे? नाव काय हिचं? मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, वाचा.

तुम्ही तिला माझी टेस्ट म्हणत होता. तेवढं एक मी तुमचं ऐकलेलं नाही. पुस्तकात 'साळवे टेस्ट' असं छापलं आहे. इथून पुढे आमच्याकडे माल द्यायचा तर त्यांना दर वेळी, चार लोकांसमोर, तुमचं नाव घ्यावं लागेल. आज पहिल्यांदाच घ्यायचं होतं. वरिष्ठ म्हणाले, मोठ्याने वाचा.

त्यांची जीभ टाळूला चिकटली, मॅडम. माझी चिकटायची तशीच.

आपला,
दिगंबर